शॅलचं देणं, विलची मर्जी

मराठी शाळांतून इंग्रजी शिकलेल्या कित्येक पिढ्यांनी एक नियम घोकला आहे : 'आय' आणि 'वुई'पुढे शॅल, बाकी सर्वांपुढे विल. मागोमाग त्याची मेखही यायची. निर्धार, वचन किंवा हुकूम असेल, तर सगळं उलटं. 'आय शॅल गो' म्हणजे नुसतं 'मी जाईन'. 'आय विल गो' म्हणजे 'मी जाणारच'. 'यू विल गो' ही माहिती आणि 'यू शॅल गो' ही आज्ञा.

ही उलटापालट छापील नियमाच्या रूपात मांडली जॉन वॉलिस या गणितज्ञानं. अनंताचं, आडव्या आठासारखं दिसणारं चिन्ह प्रचारात आणणारे तेच. १६५३ साली त्यांनी इंग्रजीचं व्याकरण लिहिलं, तेही लॅटिनमध्ये. या दोन क्रियापदांची मुळं पाहिली की नियमामागचा विचार थोडा उमगतो. जुन्या इंग्रजीत शॅलचा पूर्वज म्हणजे 'देणं लागणं', तर विलचा पूर्वज म्हणजे 'इच्छा असणं'. जर्मनमधले 'सोलेन' आणि 'वोलेन' हे त्यांचे भाऊबंद आजही साधारण तेच अर्थ सांभाळून आहेत. नंतरच्या काही अभ्यासकांनी या नियमात शिष्टाचार पाहिला : स्वतःबद्दल बोलताना आपली मर्जी मिरवू नये आणि दुसऱ्यावर कर्तव्य लादू नये.

शिष्टाचार छान, पण तो पाळत कोण होतं? बुडणाऱ्या परक्या माणसाचा एक जुना विनोद इंग्रजीत प्रसिद्ध आहे. शॅल-विलची अदलाबदल झाल्यानं तो बिचारा 'मी बुडणारच, खबरदार मला वाचवाल तर' असं ओरडतो आणि काठावरचे सभ्य इंग्रज त्याच्या इच्छेला मान देतात! विनोदातला परका कधी आयरिश असतो, कधी स्कॉटिश. १९०६ साली 'द किंग्ज इंग्लिश' लिहिणाऱ्या फाउलर बंधूंनी तर कबूलच केलं, की दक्षिण इंग्लंडच्या माणसाला हे जन्मतः येतं, इतरांना ते शिकून साधणं कठीण. मग १९२५ साली अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ चार्ल्स फ्राइझ यांनी नाटकांतले संवाद तपासले. प्रत्यक्ष वापर नियमाला जुमानत नव्हता.

४ जून १९४० रोजी चर्चिल ब्रिटिश संसदेत आपण लढत राहू, शरण जाणार नाही, असं सांगत होते, ते 'वुई शॅल' म्हणत. १९४२ साली फिलिपीन्स सोडून आलेल्या जनरल मॅकआर्थर यांनी 'आय शॅल रिटर्न' असं जाहीर केलं. पुस्तकी नियमानं पाहिलं तर हे दोन्ही केवळ अंदाज; ऐकणाऱ्यांना मात्र त्यांत प्रतिज्ञाच ऐकू आली. तोवर रोजच्या बोलण्यात विल सर्वत्र पसरलं होतं आणि विरळ झालेल्या शॅलला भारदस्तपणा चढला होता.

हा भारदस्तपणा कायद्यानं जपला, पण तिथंही गोंधळ चुकला नाही. आपल्या राज्यघटनेच्या इंग्रजी मजकुरात शॅल पानोपानी भेटतं. पहिल्याच अनुच्छेदात भारत हा राज्यांचा संघ असेल, असं सांगणारं शॅल कुणाला हुकूम देत नाही, घोषणा करतं. अनुच्छेद ३२० मध्ये सरकारी कर्मचाऱ्यांवरील शिस्तभंगाच्या बाबतीत लोकसेवा आयोगाचा सल्ला घेण्याबद्दलही शॅलच आहे. मनबोधनलाल श्रीवास्तव खटल्यात १९५७ साली सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं, की ही तरतूद बंधनकारक नाही. सल्ला घेतला नाही एवढ्यावरून कारवाई रद्द होत नाही. उलट, योग्य संदर्भात 'मे'चा अर्थही न्यायालयं बंधनकारक लावतात.

ही संदिग्धता टाळण्यासाठी दक्षिण आफ्रिकेनं १९९६च्या राज्यघटनेत कर्तव्य सांगताना 'मस्ट' वापरलं. अमेरिकेतल्या संघीय न्यायालयांच्या दिवाणी कार्यपद्धतीचे नियम २००७ साली नव्या भाषेत आले, तेव्हा त्यांतूनही शॅल जवळपास हद्दपार झालं.

मग आपण काय करावं? भविष्यकाळ सांगायला विल बिनधास्त वापरावं. 'खिडकी उघडू का?' किंवा 'निघू या का?' असं विचारताना मात्र शॅल हवंच; तिथं विल परकं वाटतं. रजेच्या अर्जातलं 'शॅल बी ऑब्लाइज्ड' हे नम्रतेचं ठरीव वळण. ते राहिलं तरी बिघडत नाही. पण भाडेकरारात शॅल दिसलं, की सहीपूर्वी थांबून विचारावं : हे नेमकं कुणी करायचं आहे, आणि नाही केलं तर काय होणार? उत्तर मजकुरात सापडत नसेल, तर त्या जागी 'मस्ट' लिहून मागावं.