मुशाहिऱ्याचा खेळ

सन १९०६ मध्ये मध्यप्रांताच्या सरकारने रायपूर आणि बिलासपूर या दोन जिल्ह्यांचा मुलूख तोडून दुर्ग नावाचा नवा जिल्हा निर्माण केला, तेव्हा त्या जिल्ह्यातील भिलाई हे शेतीवाडीचे एक सामान्य खेडे होते. आणि त्याच वर्षीच्या फेब्रुवारी महिन्यात, तेथून हजारावर किलोमीटर दूर, मुंबईच्या जिमखाना मैदानावर हिंदूंच्या अकरा खेळाडूंनी युरोपियनांच्या संघाचा १०९ धावांनी पराभव केला. या दोन घटनांचा परस्परांशी कार्यकारणसंबंध काहीच नाही. तथापि आजच्या भिलाईत, जेथे पोलाद कारखान्याच्या हजेरीपटावर नाव असलेला पण ज्याचा खरा लौकिक मैदानावरचा आहे असा मनुष्य दर दोन-चार घरांआड पूर्वीपासून ओळखीचा आहे, तेथे राहून ‘खेळाडूला पगार कोणी द्यावा, आणि कशाच्या नावाने द्यावा’ असा प्रश्न ज्याच्या मनात येईल, त्याला मुंबईच्या त्या सामन्यापर्यंत मागे जावे लागते. आणि जाता जाता अमेरिकेचीही एक फेरी करावी लागते, कारण या प्रश्नाचे अगदी रोखठोक उत्तर त्याच सुमारास तिकडे दिले जात होते.

अमेरिकेतील बेसबॉल हा खेळ भिलाईच्या शाळकरी मुलांना आता अपरिचित नाही, पण वडीलधाऱ्यांसाठी त्याचे स्वरूप थोडक्यात सांगितले पाहिजे. दोन्ही बाजूंना नऊ-नऊ खेळाडू. मैदानाच्या एका कोपऱ्यात चौकोन आखलेला, त्याच्या चार कोनांवर चार ठाणी. पिचर म्हणजे चेंडू फेकणारा तो टप्पा न पाडता थेट फेकतो, फलंदाज गोल दांड्याने तो टोलवतो आणि चारही ठाण्यांना शिवून परत आला म्हणजे एक धाव होते. तीन गडी बाद झाले की बाजू बदलते, आणि असे नऊ डाव होतात. हा खेळ तेथे एकोणिसाव्या शतकातच उघडउघड धंदा झाला होता. १८७६ साली स्थापन झालेल्या नॅशनल लीग या संघटनेने खेळाडूंच्या करारनाम्यांत असे एक कलम घालून ठेवले होते, की मुदत संपली तरी खेळाडू जुन्या मालकाच्याच दावणीला बांधलेला राही. पुढे १९०१ मध्ये अमेरिकन लीग नावाची प्रतिस्पर्धी संघटना बरोबरीचा दावा करीत उभी राहिली आणि अधिक पगाराचे आमिष दाखवून तिने जुन्या संघटनेचे नामांकित खेळाडू फोडावयास आरंभ केला, तेव्हा दोन संस्थानांत व्हावी तशी चुरस माजून अखेर १९०३ च्या जानेवारीत उभयतांना तह करावा लागला.

या तहातूनच त्या वर्षाच्या शरदात जगज्जेतेपदाची पहिली मालिका जन्मास आली, आणि तिचा करार करणारे कोणी संघटनेचे अध्यक्ष नव्हते, तर दोन संघांचे मालक होते: पिट्सबर्गचे बार्नी ड्रायफस आणि बोस्टनचे हेन्री किलिलिया. नऊ सामन्यांपैकी पाच जो जिंकेल तो विजयी, असे ठरले. बोस्टनच्या खेळाडूंचे करार सप्टेंबरअखेर संपत असल्याने त्यांनी मालिकेच्या तोंडावर उत्पन्नातील वाट्यासाठी मालकाशी घासाघीस केली, ही गोष्ट मला त्या मालिकेतील कित्येक रोमहर्षक प्रसंगांहून अधिक बोधक वाटते. १ ऑक्टोबरला बोस्टनच्या मैदानावर साय यंग या विख्यात पिचरने पहिला चेंडू टाकला आणि तो सामना गमावला. प्रेक्षकांची गर्दी एवढी लोटे, की दोरखंड बांधून त्यांना मैदानाच्या आतच उभे करावे लागे, आणि चेंडू त्या जमावात शिरला तर फलंदाजास तिसऱ्या ठाण्यापर्यंत जाण्याची मुभा देण्यात आली होती. पिट्सबर्गचे दैव मात्र फिरले. त्यांचा एक पिचर खांदा दुखावून बसला, दुसऱ्याला मनोविकाराने ग्रासले, आणि सारा भार डीकन फिलिपी या एकट्यावर पडला. त्याने आठांपैकी पाच सामन्यांत अथपासून इतिपर्यंत चेंडू फेकला, तीन जिंकून दिले, आणि शेवटी त्याचा हात थकला. १३ ऑक्टोबरला बिल डिनीन याने पिट्सबर्गला एकही धाव करू न देता बोस्टनला ५-३ असा मालिकाविजय मिळवून दिला.

नंतर जमाखर्च मांडला गेला, आणि येथे एक विलक्षण प्रकार घडला. ड्रायफस यांनी आपला मालकीचा वाटा खेळाडूंत वाटून टाकल्याने पराभूत पिट्सबर्गच्या प्रत्येक खेळाडूच्या पदरी १,३१६ डॉलर पडले, तर विजयी बोस्टनकरांना १,१८२ च मिळाले. पुढील वर्षी न्यूयॉर्कच्या संघाने कनिष्ठ म्हणून हिणवलेल्या अमेरिकन लीगशी खेळण्यास साफ नकार दिल्याने मालिका झालीच नाही. १९०५ मध्ये ती पुन्हा सुरू झाली तेव्हा नियम असा करण्यात आला, की खेळाडूंचा वाटा पहिल्या चार सामन्यांच्या उत्पन्नातूनच काढावा, म्हणजे मालिका लांबवून गल्ला वाढविण्याचा मोह कोणास होणार नाही. मनुष्यस्वभावाविषयी इतकी निःशंक अश्रद्धा बाळगून केलेला नियम क्रीडाशास्त्रात विरळा. एवढी दक्षता घेऊनही १९१९ मध्ये शिकागोच्या आठ खेळाडूंवर जुगाऱ्यांकडून पैसे घेऊन मालिका हरल्याचा आरोप आला. १९२१ मध्ये न्यायालयाने त्यांस निर्दोष सोडले, तरी बेसबॉलच्या नव्या आयुक्तांनी त्यांना आजन्म बहिष्कृत केले.

मुंबईत याच्या अगदी उलट व्यवस्था होती. येथे पैशाचे नाव काढणे असभ्यपणाचे समजले जाई. विलायतेत क्रिकेटर दोन वर्णांत विभागलेले असत, विनावेतन खेळणारे सभ्य गृहस्थ आणि वेतन घेणारे खेळाडू, आणि हा भेद तेथे १९६२ पर्यंत टिकला. मुंबईच्या इंग्रज साहेबांनी तोच दंडक आपल्याबरोबर आणला, आणि त्यांचे पाहून पारशी, हिंदू व मुसलमान धनिकांनी आपापले जिमखाने काढले. १८७७ मध्ये पारशांनी बॉम्बे जिमखान्याच्या युरोपियनांशी पहिला सामना खेळला. १८९२ पासून पारशी-युरोपियन सामने दरसाल भरू लागले. १९०७ मध्ये हिंदू आले आणि स्पर्धा तिरंगी झाली, १९१२ मध्ये मुसलमान आले आणि ती चौरंगी झाली. अमेरिकेत संघ शहरांचे होते, येथे ते धर्मांचे झाले.

आणि या सभ्य, विनावेतन स्पर्धेतील पहिल्या काळचा सर्वश्रेष्ठ गोलंदाज कोण, तर ज्याचे सारे शिक्षण दरमहा चार रुपये मुशाहिऱ्यावर झाले होते तो पालवणकर बाळू. १८७६ मध्ये धारवाडास जन्मलेले बाळू चांभार कुटुंबातले. वडील लष्कराच्या चाकरीत असल्याने हे कुटुंब पुण्यास येऊन राहिले. प्रथम पारशांच्या एका क्लबात तीन रुपयांवर मैदान झाडण्याचे काम, मग युरोपियनांच्या पूना क्लबात एका रुपयाची बढती. रोलर फिरवावा, खेळपट्टी आखावी, टेनिसची अंगणे नीट ठेवावीत, आणि साहेबलोक सरावास आले म्हणजे त्यांना तासन्‌तास चेंडू टाकावेत, हे त्यांचे काम. त्यांच्या हाती बॅट मात्र कोणी दिली नाही. साहेबांतील उत्कृष्ट फलंदाज कॅप्टन जे. जी. ग्रेग हे बाळूंनी आपणास बाद केले की दर वेळी आठ आणे बक्षीस देत, अशी आख्यायिका आहे. ती अक्षरशः खरी असो वा नसो, एवढे मात्र खरे की डावखुऱ्या फिरकीची जी विद्या पुढे युरोपियनांच्याच मुळावर उठली, तिचा खर्च त्यांनी स्वतःच्याच खजिन्यातून भागविला होता. हे ग्रेग महाशय मुंबईच्या प्रेक्षकांत ‘जंगली’ या नावाने लोकप्रिय होते आणि उत्तरायुष्यात ते कॅथलिक पंथाचे धर्मोपदेशक झाले, हे जाता जाता सांगावयास हरकत नाही.

पुण्याच्या हिंदू क्लबाने बाळूंना संघात घेतले, तेव्हा सनातनी ब्राह्मण खेळाडूंपुढे मोठाच पेच उभा राहिला, आणि त्यांनी तो असा सोडविला की मैदानावर चेंडू सर्वांनी शिवावा, पण मध्यंतरीचा चहा बाळूंनी बाहेर मातीच्या पेल्यातून घ्यावा. ज्या चेंडूला बाळूंची बोटे लागली तोच झेलताना विटाळ होत नव्हता! साताऱ्याच्या युरोपियनांनी तर त्यांची फिरकी निष्प्रभ व्हावी म्हणून खेळपट्टी मुद्दाम रोलरने घट्ट दाबून घेतली, तरीही तो सामना पुणेकरांनी बाळूंच्याच गोलंदाजीवर जिंकला. पुढे बाळू मुंबईस आले, हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले, आणि बॉम्बे-बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेत त्यांस नोकरी मिळाली. त्या रेल्वेच्या संघातही ते खेळत. वेतनाची गोष्ट येथे एका निराळ्याच दारातून आत येते. रेल्वे त्यांना खेळण्याबद्दल पगार देत नव्हती, ती नोकरीचा पगार देत होती. परंतु नोकरी आणि चेंडू यांची जी सांगड पुढे साऱ्या हिंदुस्थानाने स्वीकारली, तिचे एक आरंभीचे रूप मला तेथे दिसते.

१९०६ च्या त्या सामन्यात हिंदूंनी २४२ आणि १६० धावा केल्या, युरोपियनांनी १९१ आणि १०२. बाळूंच्या बरोबर त्यांचे धाकटे बंधू शिवराम हेही संघात होते. वंगभंगाच्या चळवळीने देश ढवळून निघालेला असताना हा विजय केवळ क्रिकेटचा राहणे शक्यच नव्हते, आणि एका चांभाराच्या हातून तो मिळाल्याने समाजसुधारकांना तर सनातन्यांपुढे ठेवावयास आयताच दाखला सापडला. १९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली अखिल हिंदी संघ विलायतेस गेला, तेव्हा संघाची एकंदर कामगिरी बेताचीच झाली; पण बाळूंनी एकट्याने शंभरावर बळी मिळविले. ते परतल्यावर त्यांच्या सत्कारासाठी मानपत्राचा मसुदा करणाऱ्या तरुणाचे नाव भीमराव आंबेडकर होते. पुढे याच दोघांनी १९३७ च्या निवडणुकीत एकमेकांविरुद्ध उभे राहावे आणि बाळूंनी पराभूत व्हावे, हा त्या काळच्या राजकारणाचा एक वक्र प्रसंग.

विजय मिळाला तरी कर्णधारपद मिळाले नाही. बाळूंहून कमी योग्यतेचे खेळाडू वर्षानुवर्षे हिंदूंचे नेतृत्व करीत राहिले. १९२० मध्ये बाळूंचे बंधू विठ्ठल आणि शिवराम यांनी या अन्यायाच्या निषेधार्थ संघातून अंग काढून घेतले. मग समेट होऊन बाळूंना उपकर्णधारपद देण्यात आले. १९२३ मध्ये विठ्ठल पालवणकर हिंदूंचे कर्णधार झाले आणि त्यांच्या संघाने स्पर्धा जिंकली. अमेरिकेशी तुलना करावयाची तर येथे करावी: पगाराबाबत एवढ्या स्पष्ट असलेल्या त्या देशाच्या जगज्जेतेपदाच्या मालिकेत १९०३ मध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता, आणि वर्णाची ती भिंत १९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सन यांनी ब्रुकलिनच्या संघात प्रवेश केला तेव्हा कोसळली. मुंबईने अस्पृश्य मानलेल्याला मैदानावर आधी घेतले, परंतु चहाच्या मेजावर बसवावयास फार उशीर केला.

चौरंगी स्पर्धेला ग्रासणारा रोग शिकागोसारखा पैशाचा नव्हता, तो तिच्या रचनेतच होता. १९३७ मध्ये ख्रिस्ती, यहुदी इत्यादी उरलेल्यांचा ‘रेस्ट’ हा पाचवा संघ आला, आणि नव्या ब्रेबोर्न स्टेडियममधील आसनांच्या वाटणीवरून रुसून त्याच वर्षी हिंदूंनी भागच घेतला नाही. १९४० मध्ये महात्मा गांधींनी जातवार सामन्यांविषयी आपली नापसंती जाहीर केली. तरीही गर्दी ओसरली नाही, आणि खेळाची प्रत तर त्याच काळात उंचावली: १९४३ च्या स्पर्धेत हिंदूंच्या ५८१ धावांना तोंड देताना रेस्टचा दुसरा डाव ३८७ धावांत संपला, त्यात ३०९ धावा सांगलीच्या विजय हजारे या मराठी ख्रिस्ती फलंदाजाच्या होत्या, सहाव्या बळीसाठी झालेल्या त्यांच्या ३०० धावांच्या भागीदारीत बंधू विवेक यांचा वाटा अवघा २१ होता. असा डाव खेळूनही संघ हरला. देशाच्या फाळणीच्या उंबरठ्यावर, १९४६ नंतर, ही स्पर्धा कायमची बंद पडली, आणि ती बंद पडली हे योग्यच झाले.

बाळू १९५५ च्या जुलैत मुंबईस निवर्तले. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत सोव्हिएत सरकारशी भिलाईच्या कारखान्याचा करार झाला होता, आणि १९५९ च्या फेब्रुवारीत पहिली झोतभट्टी पेटली. सेक्टरांची ही वसाहत लोक लघु भारत म्हणून ओळखतात. आंध्रापासून बंगालपर्यंतची आणि नागपूर-विदर्भाची मराठी कुटुंबे येथे शेजारी-शेजारी आली. विभागाविभागांतले सामने झाले की प्रेक्षकाची निष्ठा झोतभट्टी किंवा रेल मिल यांच्याकडे असते. खेळाडूचे आडनाव काय, हे विचारण्याचे तेथे कारण पडत नाही. सार्वजनिक उद्योगांनी आणि रेल्वेने खेळाडूंसाठी नोकरीची जी वाट मोकळी ठेवली, तिच्याविषयी शहरी टीकाकार नाक मुरडतात, की ही ना धड हौस, ना धड धंदा. मला ही टीका उथळ वाटते. भिलाईत दिवंगत राजेश पटेल यांनी घडविलेल्या बास्केटबॉलच्या मुलींनी छत्तीसगडला राष्ट्रीय पातळीवरची पदके मिळवून दिली आणि त्यांतील अनेकींना रेल्वेत नोकरी मिळाली. साध्या घरांतून आलेल्या त्या मुलींच्या दृष्टीने पदकाइतकेच नेमणुकीचे पत्रही मोलाचे होते. १९०३ च्या पिट्सबर्गच्या खेळाडूला १,३१६ डॉलर मिळाले, पण हात थकल्यानंतर त्याचा मालक त्याचे काहीही देणे लागत नव्हता. बाळूंना चार रुपये मिळत, तेही रोलर ओढण्याचे. भिलाईच्या खेळाडूचा गुडघा तिसाव्या वर्षी कामातून गेला, तरी सकाळच्या पाळीची हजेरी, भविष्यनिर्वाह निधी आणि सेक्टरातील क्वार्टर एवढे त्याच्यापाशी उरते.