बाळाच्या अंगावरचं लासं: दोष आईचा नाही



मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीत एक ताई बाळाचा गाल पदराने झाकून बसल्या होत्या. गालावर निळसर, मऊ फुगवटा होता. "ग्रहण पाळलं नाहीस, असं घरात रोज ऐकते," म्हणाल्या. म्हणून आज हा विषय.

पोटात बाळ घडताना कधीकधी एखाद्या जागेच्या रक्तवाहिन्या नीट घडत नाहीत. याला रक्तवाहिन्यांची जन्मजात विकृती म्हणतात. ग्रहण, डोहाळे, नजर यांचा काही संबंध नाही. हा कॅन्सर नाही, एकाचा दुसऱ्याला होतही नाही.

ओळखायचं कसं?
लालभडक उंचवटा जन्मानंतर काही आठवड्यांत दिसला आणि झपाट्याने वाढला, तर तो बहुधा हेमॅन्जिओमा. तो पुढे काही वर्षांत हळूहळू ओसरतो. गरज पडल्यास त्यावर औषधही आहे. विकृती मात्र जन्मापासून असते, मुलाबरोबर वाढते आणि आपोआप जात नाही. वयात येताना किंवा गरोदरपणात ती वाढू शकते. दाबलं की बसणारी निळसर गाठ बहुधा शिरांची असते. हाताला गरम लागणारी, ठोके जाणवणारी गाठ जास्त जोखमीची.

तपासणी आणि उपचार
डॉक्टर हाताने तपासतात, डॉप्लर सोनोग्राफी करतात, लागल्यास एमआरआय. मग प्रकार पाहून घट्ट पट्टा, शीर बंद करणारं इंजेक्शन, लेझर किंवा ऑपरेशन. बऱ्याचदा अनेक फेऱ्या लागतात, पण त्रास कमी होतो.

हे करू नका
डागणी देऊ नका, दोरा बांधू नका, टोचू नका. रक्त आलं तर स्वच्छ कापड दाबून धरा आणि दवाखाना गाठा. डाग डोळ्याजवळ किंवा कपाळावर असेल, गाठ गळ्याशी असेल, दुखत असेल किंवा जखम झाली असेल, तर थांबू नका. श्वासाला त्रास होत असेल तर तडक १०८ ला फोन करा.

जायचं कुठे?
आधी आशाताईंना दाखवा. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, त्यातल्या डॉक्टरांनाही दाखवा. ते पुढे जिल्हा रुग्णालयात पाठवतात. खर्चासाठी योजनेत काय बसतं, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. दर महिन्याला मोबाईलवर फोटो काढून ठेवा, डॉक्टरांना वाढ कळते.

त्या ताईंच्या बाळाची डॉप्लर झाली, पुढची तारीख मिळाली. गाडीभाडं गटाने अंतर्गत कर्जातून दिलं, अध्यक्षताई सोबत गेल्या. आपल्या गटात असं बाळ असेल, तर पुढच्या बैठकीत आईशी बोला. पण आधी तिला सांगा, "यात तुझी काही चूक नाही."