डिफेनेस्ट्रेट : एका क्रियापदाची कुळकथा

माणसाला खिडकीतून बाहेर फेकून देणे, एवढ्या एकाच कृत्यासाठी इंग्रजीत एक स्वतंत्र क्रियापद आहे : 'डिफेनेस्ट्रेट'. व्यवहारात ते क्वचितच कानी पडते. त्याची घडण लॅटिन आहे. 'फेनेस्ट्रा' म्हणजे खिडकी. तिच्याआधी 'पासून दूर' किंवा 'खाली' या अर्थाचा 'दे' हा उपसर्ग जोडला आहे. फ्रेंचमधील 'फनेत्र' आणि जर्मनमधील 'फेन्स्टर' हे खिडकीवाचक शब्दही याच फेनेस्ट्राचे वंशज होत.

परंतु अशा कृत्याला स्वतंत्र शब्द का लागावा? याचे उत्तर बोहेमियाच्या राजधानीत, प्राग नगरात, सापडते. १६०९ साली सम्राट दुसरा रुडॉल्फ याने तेथील प्रॉटेस्टंटांना धर्मस्वातंत्र्याची सनद दिली होती. पुढे सनद डावलून त्यांच्या प्रार्थनामंदिरांवर घाला आला, तेव्हा संतप्त सरदार २३ मे १६१८ रोजी प्रागच्या किल्ल्यात शिरले. त्यांनी स्लावाता व मार्टिनिट्झ हे राजाचे दोन कॅथलिक कारभारी आणि चिटणीस फॅब्रिशियस यांना उंच खिडकीतून खाली लोटले. नवल असे की, तिघेही वाचले. कॅथलिकांनी हा देवमातेचा चमत्कार मानला. खाली उकिरडा होता म्हणून ते वाचले, असे विरोधक म्हणू लागले.

याच नगरात १४१९ साली धर्मसुधारक हुस याच्या अनुयायांनी नगरसभेच्या खिडकीतून फेकलेले सभासद मात्र इतके सुदैवी नव्हते. १६१८ च्या कृत्यातून तर तीस वर्षांच्या युद्धाला तोंड फुटले. १६४८ पर्यंत तलवार, दुष्काळ आणि रोगराई यांनी मध्य युरोपात लक्षावधी माणसांचा बळी घेतला. या प्रसंगाच्या वर्णनातून 'डिफेनेस्ट्रेशन' हे नाम रूढ झाले, आणि नामावरून क्रियापद बनले.

आता ते बहुधा विनोदाने, एखाद्याला अधिकारपदावरून दूर करणे या अर्थी योजतात. मराठी माणसाला याचे आश्चर्य वाटू नये. रायगडाचे टकमक टोक परंपरेने ज्या शिक्षेचे स्थान मानले जाते, तो कडेलोट आज 'सहनशीलतेचा कडेलोट' एवढ्यापुरताच उरला आहे. कडा गेला, खिडकी मिटली, शब्द तेवढा राहिला. तो हलका वाटतो, कारण त्याची किंमत दुसऱ्या कोणी आधीच चुकती केलेली असते.