जादा अनुदान कशावर खर्चावें?

इंग्लंडांत गरीब घरांतील विद्यार्थ्यांमागें शाळांना ‘प्युपिल प्रीमियम’ नांवाचें जादा अनुदान २०११ पासून मिळूं लागलें. गेल्या सहा वर्षांत केव्हांहि मोफत जेवणास पात्र म्हणून नोंदलेलें मूल यांत धरतात. २०२४-२५ सालीं प्राथमिक शाळेस अशा दर मुलामागें १,४८० पौंड मिळाले. वाचतांना अडखळणाऱ्या किंवा कमी ऐकूं येणाऱ्या मुलांची सोय निराळी : पहिल्या ६,००० पौंडांपर्यंतचा जादा खर्च शाळेनें आपल्याच अंदाजपत्रकांतून सोसावा, असें २०१३ सालीं ठरलें. पुष्कळ मुलें दोन्ही याद्यांत सांपडतात.

अशा मुलाला एखाद्या मदतनिसाच्या स्वाधीन करणें ही सोपी वाट. पालकांसहि ती बरी दिसते. परंतु लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशनच्या २००९ च्या पाहणींत, मुलाची मूळ अडचण व पूर्वीचे गुण हिशेबांत धरूनहि, मदतनिसाचें साहाय्य जितकें अधिक तितकी प्रगति कमी आढळली. मदतनीस बिचारे कष्टाळूच. पण ज्याला कुशल शिक्षक सर्वांत अधिक हवा, त्याच्याच वाट्याला तो सर्वांत कमी येतो! वस्तुतः प्रीमियमचा पैसा त्याच मुलाच्या नांवें खर्चावा असें बंधन नाहीं. तेव्हां तो शिक्षकांच्या तयारीवर घालावा. इतर वर्गावर मदतनिसानें लक्ष ठेवावें आणि शिक्षकानें त्या मुलाजवळ बसावें.