सेवाकालाची गणना आणि विधानाची विश्वसनीयता

अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलमध्ये खेळाडूचे स्वातंत्र्य दिवसांनी मोजले जाते. मेजर लीगमधील १७२ दिवस म्हणजे सेवेचे एक वर्ष. अशी सहा वर्षे भरल्यावरच खेळाडूस आपला संघ निवडण्याची मुभा मिळते. हंगाम याहून काही दिवसांनी मोठा असतो. त्यामुळे नवोदितास आरंभीचे थोडे दिवस कनिष्ठ लीगमध्ये ठेवल्यास संघाचा त्याच्यावरील हक्क वर्षभराने वाढतो.

२०१५ साली शिकागो कब्ज संघाच्या क्रिस ब्रायंटने सरावसामन्यांत ९ होमरन काढले. तरीही क्षेत्ररक्षणात सुधारणा हवी, असे कारण देऊन व्यवस्थापनाने त्यास मागे ठेवले. १७ एप्रिलला तो संघात आला आणि वर्षाअखेर त्याच्या खाती १७१ दिवस जमा झाले. त्याच्या तक्रारीवर २०२० साली लवादाने संघाच्या बाजूने निर्णय दिला.

भाषाभ्यासकाच्या दृष्टीने येथील प्रश्न नियमभंगाचा नसून विधानाच्या ग्राह्यतेचा आहे. 'अद्याप तयारी अपुरी आहे' हे वाक्य रूपाने वर्णनात्मक होय. परंतु वक्त्याचा लाभ त्यात गुंतलेला आहे हे श्रोत्यास ठाऊक असले, की ते खरे असूनही सबब ठरते. आणि पुढे प्रशिक्षकाने प्रामाणिकपणे दाखविलेला दोषही त्याच संशयाने ऐकला जातो.

२०२२ च्या सामुदायिक करारात, नवोदित-पुरस्काराच्या मतदानात पहिल्या दोहोंत येणाऱ्या नामांकित नवोदितास पूर्ण वर्षाची सेवा देण्याची तरतूद झाली. तीमुळे काहींचे दिवस भरून निघतात. व्यवस्थापनाचे विधान मात्र त्याचा हेतू उघड असेल तेव्हाच खेळाडूस ग्राह्य वाटेल.