रोहिणीतली गुठळी

ग्रीक भाषेत 'पॅन' म्हणजे सर्व आणि 'क्रेआस' म्हणजे मांस. हाड नाही, कूर्चा नाही, सगळे मांसच, म्हणून 'पॅन्क्रियास'. आपण त्याला स्वादुपिंड म्हणतो. जठराच्या मागे आडवा पडलेला, वीतभर लांबीचा हा अवयव शरीररचनाकारांनाही फार उशिरा उमगला. १६४२ मध्ये पादुआ येथे योहान गेओर्ग विर्सुंग याने त्यातली नलिका शोधली आणि तांब्याच्या पत्र्यावर तिचे चित्र कोरून घेतले. तिचे काम काय, हे त्याला सांगता आले नाही. पुढच्याच वर्षी त्याचा खून झाला.

या नलिकेतून पाचक रस आतड्यात जातो. प्रथिनांचे तुकडे करणारे ट्रिप्सिन स्वादुपिंडात निद्रिस्त रूपात तयार होते आणि आतड्यात पोचल्यावरच जागे होते. तीव्र स्वादुपिंडदाहात ही जाग वेळेआधी, घरातच येते. पित्ताचा खडा वाटेत अडकणे आणि मद्यपान ही त्याची नेहमीची कारणे. अवयव स्वतःलाच पचवू लागतो, हे हान्स कियारी याने १८९६ मध्ये मांडले.

आता शेजार पाहा. प्लीहेची रोहिणी स्वादुपिंडाच्या वरच्या काठाने नागमोडी जाते, तिची नीला पाठीमागून. आतड्याला रक्त पुरवणारी मोठी रोहिणीही त्याच्या मागूनच निघते. आग लागली की झळ यांना बसणारच. नीलांची भिंत पातळ, प्रवाह संथ. सुजेने त्या दबतात आणि गुठळी धरते. हे वरचेवर आढळते. रोहिणीत मात्र रक्त जोराने वाहते. तिथे रसाने भिंत खंगून फुगा येणे आणि तो फुटून रक्तस्राव होणे, ही अधिक परिचित आपत्ती. गुठळी विरळाच. म्हणून वैद्यकीय नियतकालिकांत तिची नोंद बहुधा एकेका रुग्णाच्या कहाणीपुरतीच सापडते.

मग ती होते तरी कशी? प्रवाह मंदावणे, भिंतीला इजा आणि रक्ताची गोठण्याची वाढलेली वृत्ती या त्रयीला रुडॉल्फ फिरखोव याचे नाव मिळाले आहे. या आजारात तिन्ही एकत्र येतात. दाहामुळे रक्तातले पाणी ऊतींत झिरपते, उरलेले रक्त दाट होते, रक्तदाब घसरतो. वाहिन्यांचे आतले अस्तर खवळते. शिवाय ट्रिप्सिन हे रक्त गोठवणाऱ्या प्रोथ्रॉम्बिनलाही जागे करू शकते. पचनाचे हत्यार रक्ताच्या कारभारात हात घालते, हे मला यातले सर्वांत विलक्षण वाटते.

खरा धोका मात्र वेदनेत लपलेला आहे. आतड्याच्या रोहिणीत गुठळी अडकली की पोटात असह्य कळ येते आणि काही तासांत आतडे मरू लागते. पण हा रुग्ण आधीच कळांनी तळमळत असतो, वेदनाशामकांवर असतो. नवी कळ जुनीच्या खात्यावर जमा होते. पोटाला हात लावून जेवढे दुखते त्याहून रुग्णाचे विव्हळणे जास्त असेल, रक्तात लॅक्टेट चढत असेल, तर रोहिण्या दाखवणारा सीटी स्कॅन तातडीने व्हायला हवा. त्यासाठीचे रंगद्रव्य मूत्रपिंडांवर भार टाकू शकते, आणि ती या आजारात आधीच थकलेली असू शकतात.

निदान झाले तरी पेच संपत नाही. गुठळी वाढू नये म्हणून हेपॅरिन द्यावे, तर सडलेल्या स्वादुपिंडात रक्तस्रावाची भीती. न द्यावे, तर आतडे हातचे जाण्याची. काहींची गुठळी नळी घालून काढतात, काहींचे मेलेले आतडे कापावे लागते. इतक्या विरळ आजारावर मोठ्या चाचण्या घेणे कठीण. त्यामुळे शल्यचिकित्सक, पोटविकारतज्ज्ञ आणि रक्तवाहिन्यांचे डॉक्टर एकाच खाटेभोवती उभे राहून त्या एका रुग्णापुरता निर्णय घेतात, आणि दुसऱ्या दिवशी स्कॅन पाहून कधी तो बदलतातही.