गॅमा-किरण स्फोट : हा प्रकाश तयार होतो कसा?

विश्वात दर एक-दोन दिवसांनी कुठेतरी गॅमा-किरणांचा प्रचंड स्फोट झालेला दिसतो. काही स्फोट दोन सेकंदांच्या आत संपतात, तर काही मिनिटभरही चालतात. पहिला स्फोट २ जुलै १९६७ रोजी अणुचाचण्यांवर पाळत ठेवणाऱ्या अमेरिकेच्या 'वेला' उपग्रहांनी टिपला. ती माहिती १९७३ मध्ये प्रसिद्ध झाली.

लांब स्फोट बहुधा महाकाय ताऱ्याचा गाभा कोसळताना होतात, तर आखूड स्फोट बहुधा दोन न्यूट्रॉन तारे आदळताना. दोन्हींत जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने पदार्थाचा झोत सुटतो. पण त्या झोतात गॅमा-किरण तयार कसे होतात, हे अजून पुरते ठरलेले नाही.

यावर मुख्य मते दोन आहेत. एक, वेगवान इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात गरगरताना किरण सोडतात. याला सिंक्रोट्रॉन प्रारण म्हणतात. दुसरे, झोत आधी इतका दाट आणि तप्त असतो की प्रकाश आतच कोंडतो आणि झोत विरळ झाला की बाहेर पडतो.

कोणत्या ऊर्जेचे किती किरण आले, हा हिशेब म्हणजे वर्णपट. सिंक्रोट्रॉनच्या वर्णपटाचा कमी ऊर्जेकडील उतार एका मर्यादेपलीकडे तीव्र होऊ शकत नाही, पण काही स्फोट ती मर्यादा ओलांडतात. कोंडलेल्या प्रकाशाचा वर्णपट अरुंद हवा, पण बहुतेकांचा रुंद असतो. त्यामुळे नुसत्या वर्णपटावरून निकाल लागत नाही.

म्हणून दुसरा पुरावा लागतो, ध्रुवीकरणाचा. किरणांची कंपने एकाच दिशेत आहेत की विस्कळीत, हे त्यातून कळते. शिस्तबद्ध चुंबकीय क्षेत्रातील सिंक्रोट्रॉन किरणांत ध्रुवीकरण जास्त असते, कोंडून सुटलेल्या प्रकाशात साधारणपणे कमी.

२८ सप्टेंबर २०१५ रोजी सोडलेल्या आपल्या 'ॲस्ट्रोसॅट'वर हे मोजू शकणारे उपकरण आहे. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि पुण्याची आयुका यांचा त्यात मोठा वाटा आहे. किरण एका चौकटीवर आदळून शेजारच्या कोणत्या चौकटीत गेला, यावरून ध्रुवीकरण काढतात. २१ ऑगस्ट २०१६ च्या स्फोटात ते भरपूर आढळले आणि त्याची दिशा स्फोट चालू असतानाच बदलत गेली. हे सिंक्रोट्रॉनच्या बाजूने जाते.

मात्र पाच वर्षांतील २० स्फोट तपासले, तेव्हा बहुतेकांत एकूण ध्रुवीकरण कमीच दिसले. इथे आम्हा बँकवाल्यांना ओळखीची गोष्ट आहे. जमा आणि नावे सारखे झाले की शिल्लक शून्य दिसते, पण म्हणून व्यवहार झालेच नाहीत असे नव्हे. दिशा बदलत राहिली तर ध्रुवीकरणाची बेरीजही अशीच पुसली जाऊ शकते. म्हणून आता स्फोटाचे क्षणाक्षणाचे तुकडे करून मोजावे लागतात, आणि त्यासाठी स्फोट खूप तेजस्वी असावा लागतो.